डाव्या पायाचं माप

लालबाग
रविवार, १ डिसेंबर २०२४

निम्या,

तुझ्या जॅकेटची चेन झाली. उजव्या खिशात हे पत्र आहे. डाव्या खिशात जुना रनर ठेवलाय, तो उजेडात धरून बघ. एका बाजूने झिजलाय. म्हणजे तू अजून चेन सरळ न ओढता तिरकी ओढतोस. बावीस वर्षं सांगितलं, उपयोग शून्य.

फोन करणार नाही, तूही करू नकोस. जवळजवळ पाच वर्षं आपण बोललो नाही, आता एका चेनीपायी कशाला सुरुवात?

काल दुपारी आकांक्षावहिनी गाळ्यावर आल्या. जॅकेट आणि स्लीपिंग बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, दोन्हीच्या चेनी अडकतायत. हे म्हणाले रामदासकडेच दे, पण माझ्या आहेत म्हणून सांगू नको." आणि मग स्वतःच हसल्या. "नाव नको सांगू म्हणे! मग काय स्लीपिंग बॅगेत मी झोपते वडाळ्याला?"

मी काही विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं की दहा जानेवारीला तू स्पितीला चाललायस. त्याच बाजूला, त्याच महिन्यात. आणि सोबत कोण तर गौतम.

हा गौतम कोण, तेही मी विचारलं नाही. तेही वहिनींनीच सांगितलं. लोअर परळच्या टॉवरमध्ये राहतो, वय अडतीस, दर रविवारी तुझ्याबरोबर डोंगरात असतो. कुठला टॉवर ते ऐकून मला गंमत वाटली. जिथे गिरणीत तुझा बाबा आणि माझा बाबा शेजारच्या साच्यांवर उभे राहायचे, तिथे आता ह्याची गाडी उभी राहते. चालायचंच. गाड्यांना जागा लागते.

त्याने केलेली सामानाची यादी वहिनींनी मोबाइलवर दाखवली. शेहेचाळीस वस्तू. छान टाइप केली आहे. पण चौथ्या ओळीत लिहिलंय, "कॉटन टी-शर्ट, चार". चार! उणे पंधरात सुती कपडा अंगाला? घाम सुती कापडात मुरतो आणि मग वाळतच नाही, थांबलास की ओलं फडकं गुंडाळल्यासारखं अंग गार पडतं. हे मी तुला दोन हजार एकमध्ये सांगितलं होतं, नाणेघाटात, तेव्हा हा गौतम शाळेत पाण्याची बाटली गळ्यात घालून जात असेल.

तर नीट ऐक. अंगाला थर्मल, लोकरीचं मिळालं तर लोकरीचं. त्यावर फ्लीस. त्यावर वारा अडवणारं. पिसांचं जॅकेट चालताना घालायचं नाही, थांबल्याबरोबर घालायचं, थंडी वाजायला लागायच्या आधी. वाजायला लागल्यावर घातलंस तर ते गार अंगच सांभाळत बसतं. चालायला लागताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. आरामात निघालास तर दहाव्या मिनिटाला घामाने भिजशील. कानटोपी दोन. एक चालायची, एक झोपायची. झोपायचे कपडे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि जगबुडी झाली तरी दिवसा ती पिशवी उघडायची नाही.

मोज्यांबद्दल मी काही लिहीत नाही. त्या वेळी तू ओले मोजे बदलले नाहीस, त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे.

स्लीपिंग बॅग ठेवून घेतोय. चेन किरकोळ आहे, पण बाकी तपासणी केल्याशिवाय देणार नाही. गौतमने भेट दिली म्हणे. किंमत वहिनींनी सांगायच्या आत मी मशीन चालू केलं.

रामदास

*

लालबाग
रविवार, ८ डिसेंबर

निम्या,

तुझं उत्तर मिळालं. केमिस्टच्या बिलाच्या पाठीवर सात शब्द: "राम्या, चेन लाव आणि दे. भाषण नको." पाच वर्षांनी माणूस मित्राला लिहितो आणि कागदसुद्धा कोरा घेत नाही. असो. अक्षर सुधारलंय.

भाषण नाही, फक्त निरीक्षणं.

बॅगेच्या आत, मानेपाशी, चिठ्ठी शिवलेली असते. तिच्यावर दोन आकडे आहेत, उणे दहा आणि उणे सतरा. दुकानदार मोठा आकडा दाखवून विकतो. मोठा आकडा म्हणजे मरणार नाहीस एवढंच. झोप लागेल तो आकडा पहिला. तुझ्या गौतमने यादीत "उणे १७ ची बॅग" लिहिलंय. पहिली चूक कपड्यात, दुसरी झोपण्यात. राहिलं काय?

मॅट त्याने एकच लिहिली आहे, हवेची. हवेची मॅट चांगली, पण फुटली की तू आणि बर्फ यांच्यात कापडाचा एक थर उरतो. खाली साध्या फोमची एक घाल, बाहेरून बांधून नेता येते. थंडी वरून येते असं मुंबईतल्या माणसाला वाटतं. ती खालून येते. पाठीखालची पिसं वजनाने दबतात, तिथे बॅग असून नसल्यासारखी.

आता जे लिहिणार नव्हतो ते लिहितो. ह्या बॅगेची चेन डावीकडे आहे. वहिनींना सहज विचारलं, गौतमची बॅग कशी आहे हो? त्या म्हणाल्या, "सेम टू सेम, फक्त चेन उजवीकडे. दोन्ही जोडून एक होते म्हणे. ह्यांनीच तसं सांगून घ्यायला लावलं."

ह्यांनीच.

दोन हजार तीनमध्ये चोरबाजारातून मिलिटरीची फाटकी बॅग आणून मी टाका टाका उसवली. मला कोणी शिकवलं नाही. वरचं आणि खालचं कापड आरपार शिवलं की त्या शिवणीवर पिसं राहत नाहीत आणि तिथूनच थंडी आत येते, हे मी स्वतः शोधून काढलं. मग मध्ये जाळीच्या भिंती घालून कप्पे केले. हिंदमाताच्या मागच्या गल्लीत कटपीसवाल्याकडे नायलॉन शोधत आपण तीन शनिवार फिरलो. त्या चोरबाजारच्या बॅगेतली आणि भंगारातल्या पाच जॅकेटांतली पिसं काढली. आईच्या खोलीभर उडाली, ती आठ दिवस शिंकत होती. दोन बॅगा केल्या. तुझी डावी चेन, माझी उजवी. का, तर अगदीच जिवावर आलं तर दोन्ही जोडायच्या आणि एकमेकांच्या उबेवर राहायचं. ही कल्पना माझी होती. आणि तू ती गौतमला दिलीस. त्याने ती दुकानातून विकत आणली.

वहिनींना माझं तोंड दिसलं असणार. म्हणाल्या, "भाऊजी, सवत आल्यासारखे काय बसलात?" मी म्हटलं, चेनला मेण लावतोय. म्हणाल्या, "लावा लावा. जळक्या वासालाही बरं असतं."

तुझी जुनी बॅग माझ्याकडेच आहे. दोन्ही आहेत. दाबून पिशवीत कोंबलेल्या नाहीत, पिसं मरतात. बारा बाय दहाच्या खोलीत एकवीस वर्षं दांडीवर सैल टांगल्या आहेत, आईच्या पातळांशेजारी. आई परवा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तो निमेश खंय असता रे हल्ली? भांडलात काय तुमी?" मी म्हटलं, कामात असतो. "एवढी वर्सां काम?" म्हणाली.

शेवटचं. बूट. गौतमने ऑनलाइन मागवलेत असं कळलं. पाय न मापता बूट! वहिनींबरोबर ब्राऊन पेपर देतोय. त्यावर दोन मापं पाठव. एक उघड्या पायाचं, एक जे मोजे घालणार ते घालून. संध्याकाळी घे, दिवसभराने पाय फुगतो. पेन्सिल सरळ धरायला सांग, आत कलंडली तर अर्धा सेंटिमीटर जातो. दोन्ही पाय.

ही दोन्ही मापं आल्याशिवाय बॅग मिळणार नाही.

रामदास

*

लालबाग
गुरुवार, १९ डिसेंबर

निमेश,

हे पत्र चार दिवस लिहितोय. तीन कागद फाडले.

आधी बॅगेचं सांगतो, ते सोपं आहे.

तुला धर्मा आठवत असेल, आपल्या व्यायामशाळेतला, डॉकवर मासळीच्या कोल्ड स्टोरेजला लागलेला. गेल्या गुरुवारी सकाळी दोन बॅगा घेऊन त्याच्याकडे गेलो. एक तुझी, गौतमने दिलेली. एक माझी जुनी. बाहेरच्या खोलीत उणे अठरा असतं. त्याच मॅटवर, त्याच कपड्यांत, प्रत्येक बॅगेत एक तास पडून राहायचं आणि पायाशी थर्मामीटर ठेवायचा, असं ठरवलं होतं. धर्मा दारात उभा राहून काळजी घेत होता, म्हणजे शिव्या देत होता. "रामदास, सुरमईच्या क्रेटमध्ये झोपलायस रे. आता हमाल येतील आणि तुला काट्यावर लावतील. किलोला किती सांगू?" मी बोललो नाही. बोललं की वाफ आत जाते आणि पिसं ओली होतात.

माझ्या बॅगेत तासाने पायाशी अकरा. मध्ये चहा घेऊन तासभर उन्हात बसलो, अंग पुन्हा सारखं झालं, मग गौतमची. एकोणीस.

मला वाटलं थर्मामीटर चुकला. मंगळवारी परत गेलो, क्रम उलटा केला. दहा आणि एकोणीस.

माझी पिसं जुनी झाली. बदकाची होती, पाचदा धुतली. कप्पे अजून सरळ आहेत, एक टाका सुटलेला नाही, पण उजेडात धरली तर कप्प्यांच्या कोपऱ्यांतून दिवा दिसतो. ह्या पोराने चांगली बॅग घेतली आहे. मला ते धर्मासमोर कबूल करवलं नाही. मी म्हटलं, दोन्ही सारख्याच. धर्मा म्हणाला, "मग ओठ निळे का तुझे?"

बॅगेचं एवढंच. ती घेऊन जा.

आता मापं. वहिनींनी आणून दिली. तू सांगितलं तसं केलंस, पेन्सिल सरळ आहे, कोपऱ्यात तारीखही आहे. उजवा पाय बघितला. सव्वीस पूर्णांक चार, काही बदल नाही. मग डाव्या उघड्या पायाचा कागद उलगडला.

मी त्यावर तीन बोटं मोजली, निम्या. मग पुन्हा मोजली. माहीत असणं वेगळं. पाच वर्षं मला माहीत होतं की तुझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, आणि मी ते एकदाही बघायला आलो नाही. तुझा डावा पाय माझ्या कटिंगच्या टेबलावर पडला होता, आणि अंगठ्यापासून तिसऱ्या बोटापर्यंत आलेली रेघ तिथून सरळ कापल्यासारखी टाचेकडे गेली होती.

माझ्या फायलीत तुझं जुनं माप आहे. मे दोन हजार एकोणीस. मीच काढलेलं, ह्याच टेबलावर. त्यावरून बूट मी घेतले होते. मे महिना, दुपार, पातळ मोजा, आपण दोघं घामाघूम. बूट अगदी मापात बसला म्हणून मी दुकानदाराला शाबासकी दिली होती. त्यात दोन जाड मोज्यांना जागा नव्हती. मुंबईत मे महिन्यात घेतलेला बूट जानेवारीत स्पितीत चढवताना पुन्हा मापायला हवा होता. मी मापला नाही, कारण माप माझं होतं.

त्या संध्याकाळी तंबूत तू म्हणालास, "राम्या, डाव्या पायाची बोटं कळत नाहीयेत." मी तुला काय सांगितलं ते तुला आठवतंय. मी म्हटलं, तिसरा मोजा चढव. आईने विणलेला होता, जाड. तू म्हणालास बूट आवळतोय. मी म्हटलं, आवळू दे, ऊब राहते. वर लेस मीच ओढली. गुडघा लावून ओढली. पाय जितका आवळला तितकं रक्त खाली जायचं थांबलं. सकाळी बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. बूट ओढून काढतानाच मला सगळं कळलं होतं. डॉक्टरांनी सांगायच्या आधी.

तुझे मोजे ओले नव्हते.

ओले होते हे मी दवाखान्याच्या जिन्यावर ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगितलं. "ऐकतो कुठे माझं, ओल्या मोज्यांवर झोपला." तू वर खाटेवर होतास, दार उघडं होतं. तुला ऐकू गेलं. मला वाटलं तू ओरडशील, शिवी देशील, मग मी भांडेन, भांडणात खरं काय ते निघेल. तू काहीच बोलला नाहीस. पाच वर्षं मी त्याचाच राग धरून बसलो.

पहिल्या पत्रातही मी तेच लिहिलं. सवय झाली होती.

काल गौतम गाळ्यावर आला, बॅग न्यायला. मला म्हणाला "काका". तुला "निमेशदा" आणि मला "काका". तुझ्याहून सातच महिन्यांनी मोठा आहे मी! त्याने दोन्ही बॅगा बघितल्या, माझ्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात बोट घालून म्हणाला, "ही तुम्ही हातानं केलीत? निमेशदा म्हणतात, गिअरमधलं काकांना जेवढं कळतं तेवढं मुंबईत कुणाला कळत नाही." मी विचारलं, आणि पायाचं काय सांगतो? तो म्हणाला, "ते? ते म्हणतात, माझी चूक होती. मोजे ओले ठेवले."

म्हणजे तू माझं खोटं स्वतःच्या तोंडाने सांगत फिरतोस. माझ्यासाठी.

मी त्याला बॅग दिली नाही. चेन अजून नीट नाही म्हणालो. चेन नीट आहे. मला हे पत्र लिहायचं होतं आणि घालायला खिसा हवा होता.

गौतमने मागवलेल्या बुटांत डाव्या पायाची रिकामी जागा भरावी लागेल, नाहीतर पाय आत सरकेल. मोज्यात घालायला लोकरीच्या फेल्टची पट्टी कापून ठेवली आहे, तुझ्या नव्या मापावर. मोजा एकच जाड घाल. आतून पातळ एक. बोटं हलली पाहिजेत. हलली नाहीत तर मोजा काढ, कोण काय म्हणतो ते ऐकू नकोस.

रामदास

*

लालबाग
शनिवार, ४ जानेवारी २०२५

श्री. गौतम यांस,

दोन्ही बॅगांबरोबर हे पत्र आपल्या नावाने आहे. निमेशला दाखवायचं की नाही ते आपण ठरवा. त्याचं मला उत्तर आलं, कोऱ्या कागदावर. एकच ओळ: "आईला सांग, फेब्रुवारीत जेवायला येतो." बाकी काही लिहिलेलं नाही. तो असाच आहे, म्हणूनच आपल्याला हे लिहायला लागतंय.

प्रथम, त्याच्या पायाबद्दल त्याने आपल्याला जे सांगितलं ते खरं नाही. मोजे कोरडे होते. बूट मी निवडला होता, तिसरा मोजा मी घालायला लावला होता, लेस मी ओढली होती.

दुसरं, आपल्या यादीतले चार सुती टी-शर्ट काढून टाका. बाकी यादी बरी आहे. बॅग चांगली आहे. हे मी दोनदा मोजून लिहितोय.

आता निमेशविषयी. बावीस वर्षांत जे समजलं ते एका पानात मावत नाही, कामापुरतं देतो. तो पाणी पीत नाही. तहान नाही म्हणतो, खरं तर रात्री लघवीला कुडकुडत बाहेर जायचा कंटाळा असतो. झोपताना त्याच्या बाटलीत कोमट पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, बॅगेत त्याच्या पायाशी द्या. झोपायच्या आधी त्याला गूळ-शेंगदाणे खायला लावा. पोटात काही नसलं तर बॅग कितीही भारी असो, ती आधी तापवणार कोण? तो तोंड बॅगेत घालून झोपतो, ते बाहेर काढा. शिव्या देईल. घोरतो तो उताणा असला की, कुशीवर वळवलं की थांबतो. डाव्या कुशीवर.

सगळ्यात महत्त्वाचं. दुखलं तर तो दुखतंय म्हणतो, पण एकदाच म्हणतो. आपण दुसरं काही सांगितलंत की पुन्हा म्हणत नाही. मग विचाराल तेव्हा "ठीक आहे" एवढंच. त्यावर विश्वास ठेवू नका. रोज मुक्कामाला पोचल्यावर, चहाच्या आधी, त्याचा डावा मोजा स्वतःच्या हाताने काढा आणि तीन बोटं बघा. दाबा. पांढरी होऊन लगेच लाल झाली पाहिजेत. नाही झाली तर स्वतःचा शर्ट वर करा आणि त्याचा पाय पोटावर धरा. गार लागेल. धरा. चोळू नका. आणि खाली उतरा.

अगदी गरज पडली तर दोन्ही बॅगा जोडा. लाजू नका. दोघांच्या चेनी मी गाळ्यावर लावून बघितल्या. आपली बॅग वहिनींकडून त्यासाठीच मागवली होती, निमेशचीही परत. उजवी डावीत बसते, दातांत दात, कुठे अडकत नाही. मेण लावलंय.

मला हे आवडलेलं नाही. पण जुळते.

रामदास

ता. क. मला काका म्हणू नका.